गडगडाटाआधीचा मासा

मासा आला मंगळवारी सकाळी, आणि आभाळ तोवर एकदाही गरजलं नव्हतं. तोशिनोच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

डिसेंबर अर्धा उलटला की तोयामाच्या उपसागराकाठी आभाळ घरांच्या छपरांवर येऊन बसतं. मग एखाद्या दिवशी बारीक गारा तडतडतात, वीज लखलखते, गडगडतं, आणि मागोमाग बर्फ सुरू होतं. गडगडतं ते एकदाच, पण असं की फडताळातल्या वाट्या वाजतात. त्या आवाजानं उत्तरेच्या समुद्रातली कांबुरी मासळी जागी होते आणि उपसागरात शिरते. शिकलेले लोक काही म्हणोत, ताकाहामा गावात गडगडाटाआधी कांबुरी कुणी खाल्लेली नाही. त्याआधी जाळ्यात येतं ते किरकोळ, मांजरांपुढे टाकायच्या लायकीचं.

आणि इथं कान्जिरो, तिच्या सुनेचा बाप, सकाळच्या पहिल्या बसनं लाकडी खोकं मांडीवर घेऊन येतो काय, दारात ठेवतो काय, आणि म्हणतो काय, "विहीणबाई, पोरीचा पहिला हिवाळा. आमच्याकडून एवढं गोड मानून घ्या."

रीतच होती ती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या माहेरून कांबुरी यायची. ती दारात मांडायची, आळीनं बघायची, मग उभी चिरून अर्धी माहेरी परत पाठवायची. अर्धी परत गेली म्हणजे मुलगी या घराची झाली. अख्खी परत गेली तर काय होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. छत्र्यांच्या दुकानवाल्यांनी एकदा अख्खी परत पाठवली होती. महिन्याच्या आत सूनही त्याच वाटेनं गेली.

"जाळ्यातली आहे ना?" तोशिनोनं गोड आवाजात विचारलं.

"जाळ्यातलीच," कान्जिरो म्हणाला. पण म्हणाला तो जोड्यांकडे बघत. आणि उजवा हात त्यानं कोटाच्या खिशातून एकदाही बाहेर काढला नाही. खोकं डाव्या हातानं उतरवलं, नमस्कार केला तोही खिशात हात ठेवून. चहा नको म्हणाला, लेकीशी दोन शब्द बोलला आणि परतीच्या बसला धावला.

"व्याह्यापुढं खिशात हात घालून उभं राहायचं, ही कुठली तऱ्हा?" तोशिनो नवऱ्याला म्हणाली.

इसाबुरो दुकानात तातामीची जाड चटई शिवत बसला होता. तीन पिढ्यांचं दुकान. तो दाभण ओढत म्हणाला, "थंडी आहे."

"थंडी आपल्यालाही आहे. आपण घालतो खिशात हात?"

"माझ्या हातात दाभण आहे," इसाबुरो म्हणाला आणि त्यानं पुढचा टाका घातला. या माणसाशी पस्तीस वर्षं संसार करून तोशिनोला एक कळलं होतं. घरात संशय घ्यायचं काम तिलाच एकटीला करावं लागणार.

त्यात दुपारी शेजारची कामेयो आली. कामेयोची बहीण मासळीबाजारात दिलेली, त्यामुळे समुद्रात काय चाललंय ते समुद्राच्या आधी कामेयोला कळे. तिनं खोक्यावर वाकून बघितलं, बर्फाचे खडे बाजूला सारले, माशाच्या पोटाला बोट लावलं.

"छान आहे हो, तोशिनोवहिनी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कुठला म्हणायचा?"

"कुठला म्हणजे? कुरोसाकीचा. व्याही तिथल्या जाळ्यावर आहेत. त्यांचा वाटा असतो जाळ्यात."

"हो, हो. तेच म्हणते मी. बहीण म्हणत होती, अजून बाजारात एक मासा नाही. आभाळ गरजेपर्यंत येणार पण नाही. म्हणून आपलं विचारलं." कामेयोनं पदरानं पुसावीत तशी बोटं एप्रनला पुसली. "आणि मी काही जाणकार नाही बाई. पण कांबुरी म्हणायला जरा... गांदो तर नव्हे?"

झालं. तोशिनोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

हा मासा वाढतो तसं त्याचं नाव बदलतं. पोर असतो तेव्हा एक, तरणा झाला की गांदो, आणि पुरता भरला की कांबुरी. म्हणून तर तो नव्या जावयाला पाठवायचा, की तूही असाच टप्प्याटप्प्यानं मोठा हो. पण मग गांदो पाठवला तर त्याचा अर्थ काय होतो? की तुमचा मुलगा अजून अर्धवट आहे. आणि तोशिनोच्या मुलाला, शूहेइला, गावात हाच शब्द लागत होता. ओसाकाला नोकरीला गेला, चार वर्षांत परत आला. बापाच्या हाताखाली बसला, अजून कडेची पट्टी सरळ शिवता येत नाही. चौतिसाव्या वर्षी लग्न झालं. तोंडावर कुणी बोलत नसे, पण आईला ऐकू यायचं ते येतच होतं.

बुधवारी सकाळी शूहेइ माल पोचवायला बाहेर पडला. तोशिनोनं दुकानातला गवत तोलायचा ताणकाटा काढला आणि मासा कल्ल्यातून आकड्याला लावला. आठ किलोच्या वर कांबुरी, हा ताकाहामाचा हिशेब. ताणकाट्यावर भरले साडेसहा.

"मासा तोलत नसतात, अगं," इसाबुरो म्हणाला. "भेट आलेली आहे ती."

"भेट आहे की टोमणा, तेच बघते."

सून चिझुरू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चोवीस वर्षांची, बारीक, समुद्राकाठच्या पोरींसारखी सावळी. आठ महिन्यांत तिच्याविरुद्ध बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती, आणि तोशिनोला तेच खटकायचं. इतकं निर्मळ कुणी असतं का?

"चिझुरू, हा कुठून आला गं?"

"बाबांनी आणला, आई."

"ते मी बघितलं. बाबांनी कुठून आणला?"

चिझुरूचे कान लाल झाले. "समुद्रातून," ती म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ धुऊ लागली.

समुद्रातून म्हणे. तोशिनोला खात्रीच पटली, की यात पाणी कुठंतरी मुरतंय. दक्षिणेकडे म्हणे पिंजऱ्यात मासे पाळतात, खाद्य घालून फुगवतात आणि बर्फात घालून देशभर विकतात. गडगडाटाची वाट बघत नाहीत ते. तसलाच एक दुकानातून उचलायचा, जुन्या खोक्यात घालायचा आणि व्याह्यांच्या दारात ठेवून द्यायचा. एरवी हात खिशात कशाला लपवील माणूस?

तिनं आतल्या खोलीतला फोन उचलला. कान्जिरोला स्वतः लावला, आणि आवाजात एवढी साखर घातली की तिचं तिलाच गुळचट वाटलं.

"व्याहीबुवा, मासा फार सुरेख. आळीत सगळे बघून गेले. नाही, कापला नाही अजून. काय आहे, आमच्याकडं जुन्या माणसांचा हिशेब असतो ना. आठाच्या खाली त्याला आम्ही गांदोच म्हणतो. साडेसहा भरला. नाही हो, तुमची चूक कशी, माशाचीच चूक. आमचा शूहेइ पण तसा अजून लहानच आहे म्हणा, तेव्हा शोभून दिसेल."

पलीकडून कान्जिरो म्हणाला, "माफ करा, विहीणबाई. तो चिरू नका. मी बघतो," आणि फोन ठेवला.

मी बघतो! म्हणजे दुकानात दुसरा बघणार. तोशिनोनं मनातल्या मनात टाळी दिली.

संध्याकाळी तिनं चिझुरूला फोनवर पकडलं. पकडलं म्हणजे न्हाणीघराच्या दाराआड उभं राहून ऐकलं. चिझुरू तोंडावर हात धरून बोलत होती. "दुसरा नको, बाबा. नको म्हटलं ना. नाही, त्या काही म्हणोत. मी सांगून टाकते त्यांना. बरं, नाही सांगत. पण तुम्ही नका ना बाबा, ऐका माझं." फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तोशिनो हळूच मागे सरली. सांगून टाकते. नाही सांगत. आता आणखी काय पुरावा हवा? बापलेक दोघं यात सामील होते. इतके दिवस या पोरीला आपण ताट वाढून देतोय, आणि हिच्या पोटात हे. तिला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. कारण खरं सांगायचं तर पोर तिला आवडायला लागली होती.

गुरुवारी सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून तोशिनो कुरोसाकीच्या बसमध्ये बसली. अर्ध्या तासाची वाट. उजव्या हाताला समुद्र शिसं वितळवून ओतल्यासारखा पडला होता, आणि त्यापलीकडे एरवी दिसणारे तातेयामाचे डोंगर गायब होते. बसमधल्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, आज उठवणार माशांना. तोशिनोनं ऐकलं, पण ती बोलायच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होती.

कुरोसाकी म्हणजे चाळीस घरं आणि एक धक्का. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळ्यावरची माणसं शेकोटीभोवती बसली होती. मोठ्या जाळ्याचा तांडेल ताकेमात्सू, खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. त्यानं तिला बसायला पेटी दिली.

"कान्जिरोदादांचा वाटा कितवा असतो हो?" तोशिनोनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

ताकेमात्सूनं शेकोटीत लाकूड सारलं. "कान्जिरो? तो कुठं जाळ्यावर आता. उन्हाळ्यातच उतरवला त्याला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, दोर दिसत नाही. मीच सांगितलं, दादा, एखाद्या दिवशी दोरात पाय अडकून जाशील. वाईट वाटलं त्याला. पण मला अठरा माणसं परत आणायची असतात."

"म्हणजे वाटा नाही?"

"वाटा नाही, मासाही नाही. आणि मासा तर आम्हालाच नाही अजून, बाई. बघा ना हे सगळे, कसे शेकत बसलेत राजासारखे."

माणसं हसली. तोशिनोही हसली. तिला हवं ते मिळालं होतं. लग्न ठरताना जाळ्यावर आहेत म्हणाले, आणि उतरवल्याला पाच महिने झाले तरी कुणी तोंड उघडलं नाही. मासा जाळ्यातलाच, म्हणे.

ती कान्जिरोच्या घराकडे वळली. दार ओढलेलं होतं. भिंतीवर गळाची दोरी वेटोळं करून वाळत घातली होती, तिच्यावर तपकिरी डाग होते. तिनं दोन हाका मारल्या. मग तिला खाली खडकांमध्ये तो दिसला. डोक्याला टॉवेल बांधून, पाठमोरा, आपली लहान होडी पाण्यात ढकलत होता. तिनं हाक मारली. त्यानं ऐकली की नाही कोण जाणे, वळला नाही. इंजिन फट फट करत सुरू झालं, आणि होडी खडकांमधून बाहेर पडली.

"पळाला," तोशिनो मोठ्यानं म्हणाली. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून पळाला. दुपारच्या बसनं ती परत निघाली.

घरी आली ती कोट न काढताच खोक्याकडे गेली. "अहो, दोर आणा. हा अख्खा परत जाणार."

इसाबुरोच्या हातातलं दाभण थांबलं. आतल्या खोलीत चिझुरू फोनचा रिसीव्हर कानाला धरून उभी होती. पलीकडे नुसती घंटा वाजत होती, आणि ती कितव्यांदा तरी लावत होती.

"नीट विचार केलास?" इसाबुरो म्हणाला.

"ते जाळ्यावर नाहीत. डोळा गेलाय म्हणून उन्हाळ्यातच उतरवलंय त्यांना. विचारून आले तांडेलाला. हा दुकानातला आहे, पाळलेला. आपल्याला मूर्ख समजतात ते. आपल्या शूहेइला अर्धवट समजतात."

"पाळलेला आहे कशावरून?"

"दाखवते ना." पाळलेल्या माशाच्या पोटात खाद्याचा लगदा असतो, असं कामेयो म्हणाली होती. पण पोट चिरलं तर अख्खा परत कसा करणार? तोशिनो क्षणभर अडली. मग तिनं माशाचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला आणि घशात बघितलं. लगदा नव्हता. आत, पार मागे, मांसात काहीतरी रुतलेलं होतं. तिनं बोट घातलं आणि टोचलं म्हणून झटकन बाहेर काढलं.

गळ होता तो. मोठा, लोखंडी, वीतभर दोरीसकट. माशाचं तोंड फाटून विद्रूप दिसू नये म्हणून कुणीतरी तो ओढून काढला नव्हता. दोरी आतच कापून सोडली होती.

पाळलेल्या माशाच्या घशात गळ नसतो. जाळ्यातल्याच्याही नसतो.

इसाबुरो जवळ आला. त्यानं चष्मा पुढं ओढला आणि गळ हळूच सोडवून बाहेर घेतला. गळाच्या दांडीवर दोरा गुंडाळून दोरी आवळली होती. त्या दोऱ्यावर त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं.

"हा माझा दोरा आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच."

"अगं, मी डावखुरा. माझा पीळ उलटा पडतो. या गावात उलट्या पिळाचा, मेण लावलेला तागाचा दोरा दुसऱ्या कुणाकडं नाही. शरदात कान्जिरो आला होता, तेव्हा मूठभर मागितला. मी म्हटलं, जाळं शिवायला असेल." तो माशाकडे बघत राहिला. "एकटा गेला होता म्हणजे. एका डोळ्यानं. त्या टरफलाएवढ्या होडीतून. साडेसहा किलोचा मासा दोरीनं ओढायचा म्हणजे हात सोलून निघतो."

खिशातला हात. तोशिनोच्या डोळ्यांपुढे तो कोट आला, त्याचा फुगलेला खिसा आला. भिंतीवरच्या दोरीचे तपकिरी डाग आले.

छपरावर गारा तडतडल्या. खोली एकाएकी निळीपांढरी झाली, आणि पाठोपाठ असा कडकडाट झाला की फडताळातल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या आणि दिवे गेले. आळीत कुठंतरी लोक आनंदानं ओरडले. उठला मासा, उठला. कामेयोचा आवाज तर स्पष्ट आला.

चिझुरू अनवाणी दुकानात आली. तिच्या हातात रिसीव्हर तसाच होता, वायर तुटून लोंबत होती.

"आई," ती म्हणाली, "बाबा समुद्रात आहेत."

तोशिनोला ते आधीच कळलं होतं. तिनं स्वतः त्यांना जाताना पाहिलं होतं, आणि पळाला म्हणाली होती. काल सकाळी फोन तिनंच केला होता. साखर घालून.

"मला शपथ घातली होती त्यांनी," चिझुरू बोलत होती, रडत नव्हती, हेच भयंकर होतं. "की डोळ्याचं सांगायचं नाही, उतरवल्याचं सांगायचं नाही. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून. बेत असा होता की एकच मासा आणायचा, गडगडायच्या आत, समुद्र शांत आहे तोवर. आणला होता त्यांनी. आणला होता ना, आई?"

तोशिनोनं तिच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला.

शूहेइ छोटा ट्रक घेऊन नुकताच आला होता. त्याला काय झालंय ते इसाबुरोनं चार शब्दांत सांगितलं, आणि तो पोरगा, ज्याला सगळे अर्धवट म्हणत, काही न विचारता चाकांना साखळ्या बांधायला बसला. तेवढ्या वेळात तोशिनोनं मासा पाटावर घेतला. सुरी घेतली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, कण्याला लागून, उभा चिरला. चीर सरळ गेली. एक अर्धा बर्फात ठेवला. दुसरा कापडात गुंडाळून छातीशी धरला.

"आता हे कशाला?" चिझुरूनं विचारलं.

"द्यायचाय," तोशिनो म्हणाली. आणि ती ट्रककडे निघाली.

चौघं कुरोसाकीला पोचेपर्यंत बर्फ इतकं दाट झालं होतं की धक्का होता तिथं पांढरी भिंत होती. तांडेल आणि त्याची माणसं शेडबाहेर उभी होती. आनंदाचा दिवस, उद्या जाळं भरणार होतं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ताकेमात्सूनं चिझुरूला ओळखलं आणि टोपी काढली.

"वीज पडली ती टोकाच्या खडकाकडं," तो म्हणाला. "त्याच्यावर नाही पडलेली. पण आता त्याला किनाराच दिसायचा नाही. डोळे दोन असते तरी नसता दिसला. होड्या काढल्या तर आमचीच माणसं हरवतील."

"मग करायचं काय?" तोशिनो म्हणाली.

"आवाज. कानावर येईल तो. ऐकू आलं तर."

माणसं तेलाची रिकामी पिंपं घेऊन आली आणि लोखंडी कांबींनी बडवू लागली. तोशिनो ट्रकमध्ये चढली, मुलाला बाजूला सारलं आणि भोंग्यावर तळहात दाबून धरला. तो केविलवाणा, घोगरा भोंगा, ज्याला गावात सगळे हसत. तिनं तो सोडलाच नाही. तळहात बधिर झाला तेव्हा दुसरा लावला. शूहेइ म्हणाला, आई, मी धरतो. ती म्हणाली, तू गप बस. काचेवर बर्फ साचलं, त्यानं उतरून पुसलं, पुन्हा साचलं. वीज पुन्हा कडाडेल म्हणून ती कान देत होती, आणि पुन्हा कडाडलं नाही. आपल्याकडचा गडगडाट एकदाच होतो. जे करायचं ते त्या एकातच करून जातो.

अर्धा तास गेला, मग आणखी अर्धा. पिंपं बडवणारे पाळी बदलत होते. चिझुरू धक्क्याच्या टोकाला होती. तिच्या डोक्यावर, खांद्यावर बर्फ बसलं होतं, आणि ती झटकत नव्हती. तोशिनोला वाटलं, खाली उतरून हिच्या डोक्यावर काहीतरी धरावं. पण भोंगा सोडवत नव्हता.

मग चिझुरूनं हात वर केला.

आधी फट फट ऐकू आलं, थांबत, खोकत. मग पांढऱ्यातून एक काळा ठिपका, मग होडी. कान्जिरो सुकाणू काखेत धरून बसला होता. दोन्ही हात चिंध्यांनी बांधलेले. माणसांनी त्याला उचलूनच वर घेतलं. ओठ निळे होते. त्यानं आधी लेकीला बघितलं, मग तोशिनोला, आणि तिथंच, त्या बर्फात, कमरेत वाकला.

"माफ करा, विहीणबाई. मोठा लागला होता. दहाच्या वर असता. पण कडाडलं तसा मी दचकलो आणि दोर कापला." त्याचे दात वाजत होते. "उद्या पुन्हा..."

तोशिनोनं कापडातला अर्धा मासा पुढं केला. त्याला धरता येईना, तेव्हा तिनं तो त्याच्या दोन्ही हातांवर ठेवला.

"चिरला?" तो म्हणाला. "पण वजन तर..."

"आमचा ताणकाटा बिघडलाय," तोशिनो म्हणाली. "गवत तोलायचा आहे तो, माशाचं काय कळतंय त्याला. हा पुरता भरतो. आम्ही घरी हातात धरून बघितला."

कान्जिरोनं आपल्या चांगल्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. आणि विश्वास ठेवला. आयुष्यभर ज्याला कुणी फसवलं नसेल असा माणूस ठेवतो तसा. "हो का," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला की तोशिनोला त्याच्याकडे बघवेना. "आणि तो भोंगा कुणाचा हो? असा बेसूर भोंगा जन्मात ऐकला नाही. त्यामुळंच तर कळलं, हा काही समुद्रातला नव्हे."

"आमचाच," तोशिनो म्हणाली.

त्याला घरी नेऊन शेकोटीशी बसवलं, तांडेलाच्या बायकोनं गरम पेज आणली, इसाबुरो रात्री सोबतीला तिथंच राहतो म्हणाला. अंधार पडायच्या आत बाकीचे तिघं ट्रकमध्ये बसून निघाले. शूहेइ सावकाश चालवत होता. तोशिनो आणि चिझुरू शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

वळणावर तोशिनो म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ आपण त्यांचं. वसंतात. मी बोलते त्यांच्याशी."

"हो, आई," चिझुरू म्हणाली.

"आणि तू माझ्यापासून काही लपवायचं नाहीस. मी काय वाघ आहे?"

"नाही, आई."

तोशिनोनं थर्मास उघडला. झाकणात चहा ओतला, स्वतःसाठी नव्हे, आणि सुनेपुढं धरला. वाफ येत होती. चिझुरूनं तो दोन्ही हातांनी घेतला. तिनं सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ, तोशिनो परवा माशाकडे बघत होती तसं. मग तिनं झाकणातल्या चहाकडे नीट बघितलं, आणि मगच तो ओठांना लावला.